टॅली आणि डीएससी टोकनसाठी मिंटवर विंडोज: व्हर्च्युअलबॉक्स की केव्हीएम?

हिशोबनीस: नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२, रॅम ८ जीबी. टॅली आणि जीएसटीच्या डिजिटल सहीचं (डीएससी) यूएसबी टोकन, एवढ्यापुरतंच विंडोज हवंय. मिंटच्या आतच आभासी मशिनीत चालवायचंय. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स टाकू की केव्हीएम? खर्च शून्य.

खेकडा_७७: आधी रॅम वाढवा. मी ३२ टाकली, आता चार मशिनं एकदम पळवतो.

हिशोबनीस: खर्च शून्य लिहिलंय हो वर. शिवाय रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे.

टर्मिनल_काका: डोळे झाकून केव्हीएम. २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यात) आहे. वरून फक्त व्हर्ट-मॅनेजर (केव्हीएमची मशिनं चालवायचा प्रोग्राम) टाका, परवानगीसाठी स्वतःला लिबव्हर्ट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. त्याआधी बायोसमध्ये व्हीटी-एक्स (आभासी मशिनं चालवायची प्रोसेसरची सोय) चालू आहे का बघा. विंडोज टाकताना डिस्क दिसली नाही तर घाबरायचं नाही. केव्हीएमच्या आभासी डिस्कचा, म्हणजे व्हर्टआयओचा, ड्रायव्हर विंडोजकडे नसतो. व्हर्टआयओ-विनची आयएसओ फाइल दुसरी सीडी म्हणून जोडा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबा.

पुणेरी_पेंग्विन: मिंटवर कशाला? फेडोरा घ्या.

टर्मिनल_काका: त्यांनी डिस्ट्रो, म्हणजे कुठलं लिनक्स घ्यायचं ते, विचारलंय का?

पुणेरी_पेंग्विन: सांगितलं, बिघडलं काय? आमच्या ऑफिसात सगळे फेडोरावरच आहेत.

रात्रपाळी: त्यापेक्षा व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो घ्या, तेही आभासी मशिनीसाठीच आहे. नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही फुकट आहे. डाउनलोडसाठी खातं मात्र काढावं लागतं.

खेकडा_७७: केव्हीएमच बरं. बायोसमध्ये व्हीटी-एक्स चालू करा.

रात्रपाळी: काकांनी तेच लिहिलंय की.

मुनीमजी: मुद्द्याचं कोणी बोलेना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. टीपीएम आभासी चालतं. डिस्क 'डायनॅमिक' ठेवा, म्हणजे ६४ जीबी एकदम अडकत नाही. आठातले चार विंडोजला गेले, की मिंटमध्ये ब्राउझर मिटूनच बसायचं. माझ्या दुकानदाराने 'आठ भरपूर झाले' म्हणून गळ्यात मारला होता, अजून शिव्या घालतोय.

हिशोबनीस: सगळ्यांचे आभार. शेवटी व्हर्च्युअलबॉक्सच टाकलं, कारण आमच्या सीएंच्या ऑफिसातल्या मुलाला तेवढंच येतं आणि अडलं की फोन त्यालाच करायचाय. काकांचं ऐकून आधी केव्हीएम टाकून पाहिलं होतं, त्याने व्हीटी-एक्स धरून ठेवलं आणि व्हर्च्युअलबॉक्स उठेना. 'सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल' देऊन केव्हीएमचं मॉड्यूल काढल्यावर उठलं. टोकन दिसायला व्हीबॉक्सयूझर्स ग्रुपमध्ये नाव घालून यूएसबी फिल्टर लावला. काल रिटर्न भरलं.

टर्मिनल_काका: करा काय करायचं ते. व्हर्च्युअलबॉक्सचा जादा एक्स्टेन्शन पॅक तेवढा टाकू नका. धंद्यासाठी त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं आणि व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी ३ त्याच्याशिवायही चालतं.

पुणेरी_पेंग्विन: सिक्युअर बूट (साइन न केलेलं कर्नल मॉड्यूल अडवणारी सोय) चालू होता का? मॉड्यूल साइन करावं लागलं का?

हिशोबनीस: बंदच होता.