‘म्हणाले’ गेलं कुठे?

वऱ्हाडकर

काल मोबाईलवर एक मथळा दिसला. नगराध्यक्षांनी पाणीप्रश्नावर म्हणे ‘मोठा खुलासा’ केला. मला वाटलं, यांच्यावर काही ठपका आला असेल, त्याला उत्तर दिलं असेल. आत वाचलं तर उलटंच. यांनीच आधीच्या मंडळींची जुनी निविदा बाहेर काढली होती. म्हणजे खुलासा द्यायचा होता दुसऱ्यांनी आणि केला यांनी!

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. आमच्याकडे ‘खुलासा’ मागवला की माणसाला घाम फुटायचा. मेमो यायचा, ‘तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’. हा शब्द फिरला कधी? आणि असे आणखी शब्द फिरलेत का? ‘भाष्य केलं’ हेही हल्ली रोज वाचतो. बातमीत पाहावं तर माणूस दोन वाक्यं बोललेला असतो.

जुना उपसंपादक

वऱ्हाडकर, तुमचा मेमोवाला अर्थ मराठीतला रुळलेला अर्थच आहे. शब्द मुळात अरबी, अर्थ सार किंवा अर्क. उर्दूत आजही खुलासा म्हणजे सारांश. मराठीत तो स्पष्टीकरण झाला आणि हिंदी वाहिन्यांनी त्याला ‘भांडाफोड’ करून टाकलं. तिथून तो आपल्याकडे परत आला. दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असल्यामुळे ‘मंत्र्यांचा खुलासा’ वाचून मंत्री पिंजऱ्यात आहेत की फिर्यादी आहेत, हे कळत नाही.

पण मला यात खुलाशापेक्षा मोठी गोष्ट दिसते. बातमीत मत शिरलं ते अग्रलेखाच्या पानावरून खाली उतरून नव्हे, ते शिरलं क्रियापदातून.

नव्वदीच्या दशकात आम्ही डेस्कवर होतो तेव्हा बोलणाऱ्या माणसासाठी क्रियापदं मोजकी होती. म्हणाले, सांगितले, नमूद केले. वार्ताहराने कॉपीत ‘ठणकावले’ लिहिलं की मुख्य उपसंपादक त्याभोवती गोल करायचे आणि विचारायचे, ‘आवाज चढला होता का? टेबलावर हात आपटला होता का? नाही ना? मग म्हणाले.’ व्याख्यानाची बातमी असेल तर मथळ्यात विधान आणि खालच्या ओळीत ‘अमुक यांचे प्रतिपादन’. प्रतिपादन, आवाहन, मागणी, आश्वासन, ग्वाही, इशारा, टीका अशी नामांची एक पेटीच असायची. कंटाळवाणी होती, कबूल. ‘प्रतिपादन’ या शब्दाची तर आम्हीच टिंगल करायचो. पण त्या शब्दांतून वाचकाला एवढंच कळायचं की हे विधान या माणसाचं आहे, आमचं नाही.

आता एकच वाक्य घ्या. नगराध्यक्ष बोलले, ‘योजनेला तीन महिने उशीर झाला आहे.’

‘उशीर झाल्याचे नगराध्यक्ष म्हणाले’ ही बातमी झाली. ‘उशीर झाल्याची कबुली दिली’ असं लिहिलं की गुन्हा ठरला आणि आरोपी बोलता झाला. ‘उशीर झाल्याचा दावा केला’ म्हणजे आमचा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. ‘उशीर झाल्याचे स्पष्ट केले’ म्हणजे इतके दिवस उगाच गोंधळ होता, साहेबांनी तो मिटवला. ‘उशीर झाल्याचे निदर्शनास आणून दिले’ म्हणजे उशीर केला भलत्यांनी, यांनी फक्त पकडला. अवतरणचिन्हांतला एक शब्द बदललेला नाही. वाचकाने काय समजायचं ते मात्र पाच तऱ्हेने ठरवून टाकलंय, आणि कोणी विचारलंच तर वार्ताहर सांगू शकतो की मी माझं मत कुठे लिहिलंय?

यात ‘दावा’ सगळ्यात लबाड. हा शब्द वाईट नाही, पडताळणी झालेली नसेल तेव्हा तो हवाच. पण एखाद्या दैनिकाचे आठवडाभराचे अंक काढा आणि कोण ‘दावा करतो’ व कोण ‘स्पष्ट करतो’ याच्यावर पेन्सिलीने खुणा करा. अग्रलेख वाचायची गरज उरत नाही.

पार्लेकर

थोडा मोडता घालतो. आपण असं बोलतोय जणू पूर्वी बातमी सोवळ्यात होती. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ‘मतपत्र’ हा शब्द चांगला प्रतिष्ठित आहे. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तो लोकांना मत देण्यासाठी, निव्वळ घटना कळवण्यासाठी नव्हे. आगरकरांचा ‘सुधारक’ तर त्यासाठीच होता. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा टिळकांचा १८९७ मधला मथळा सगळ्यांना पाठ आहे. यात ‘म्हणाले’ कुठे बसवणार?

बातमीला मुख्य माल मानणारी दैनिकं नंतरची. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ ला पुण्यात त्यांनी ‘सकाळ’ काढला. मतपत्राकडून वृत्तपत्राकडे, असं त्या वळणाचं वर्णन करतात. तेव्हा तुमच्या ‘म्हणाले’चं राज्य फार तर साठ-सत्तर वर्षांचं. आता गाडी उलट दिशेला चाललीय एवढंच. (‘मतपत्र’ म्हटलं की आजच्या पोरांना मतपत्रिका आठवते, तोही एक प्रकारे योग्यच अर्थ म्हणा.)

आणि सोवळ्या क्रियापदांचंही फार कौतुक नको. आणीबाणीत क्रियापदं एकदम शुद्ध होती. सेन्सॉरने कापलेल्या बातम्या छापल्याच जात नव्हत्या, त्यामुळे जे उरलं ते ‘म्हणाले’ आणि ‘सांगितले’ होतं. काय छापायचं आणि काय गाळायचं हेही मतच असतं.

जुना उपसंपादक

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. पहिल्याबद्दल एक फरक नोंदवतो. टिळकांचा तो मथळा अग्रलेखाचा होता आणि अग्रलेखाच्या जागीच होता. ‘केसरी’ हातात घेणाऱ्याला आपण कोणाचं मत वाचतोय ते ठाऊक असायचं. अलीकडचं उदाहरण ‘सामना’चं. १९८८ साली निघाला तेव्हापासून तो शिवसेनेचं, आणि पक्ष फुटल्यावर ठाकरे गटाचं, मुखपत्र म्हणून ओळखला जातो. मुखपत्र हा शब्दच प्रामाणिक आहे, मुख कोणाचं ते लपवत नाही. माझी तक्रार मताबद्दल नाही. ‘प्रतिनिधी, मुंबई’ अशी डेटलाइन लावून आत मत भरण्याबद्दल आहे. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही हेच आहे. तर्क, अंदाज आणि टिप्पणी या गोष्टी वस्तुस्थिती म्हणून मांडू नयेत, त्या वेगळ्या ओळखू याव्यात.

हे का झालं, यावर माझा एक अंदाज. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या. नेता बोलला की त्याचा बाइट, म्हणजे बोलण्याचा चित्रित तुकडा, सगळ्यांकडे एकाच मिनिटाला. काय बोलला यात कोणाचीच मक्तेदारी उरली नाही. मग वेगळेपण आणायचं कशात? तो कसा बोलला यात. ‘घणाघात’, ‘हल्लाबोल’, ‘टोला लगावला’, ‘समाचार घेतला’ हे सगळे शब्द आधीही होते, पण चवीपुरते होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर यायचा तेव्हा त्यातली बातमी आदल्या संध्याकाळीच शिळी झालेली, म्हणून पेपरही ‘काय झालं’पेक्षा ‘याचा अर्थ काय’ सांगायला लागले. अर्थ सांगणं वाईट नव्हे. पण त्यासाठी ‘विश्लेषण’ अशी पाटी लावायची असते. ती पाटी काही जण लावतात, बरेच जण पहिल्या पानावर घाईत विसरतात.

मोबाईल आल्यावर मथळा एकटा पडला. पूर्वी त्याच्यावर दैनिकाचं नाव असायचं आणि अंकाचे पैसे आधीच दिलेले असायचे. आता त्याने स्वतःच गिऱ्हाईक आणायचं. म्हणून ‘थेट म्हणाले’ आणि ‘स्पष्टच बोलले’. हा ‘च’ पाहा. मराठीतलं सगळ्यात स्वस्त मतप्रदर्शन. एरवी माणूस अस्पष्ट बोलतो, आज धाडस केलं, असं वाचकाला आधीच पटवून ठेवायचं.

डोंबिवलीकर

आकाशवाणी पुण्याच्या सुधा नरवणे ‘प्रादेशिक बातम्या देत आहे’ म्हणायच्या. ‘देत आहे’. घ्यायच्या की नाही ते आपलं आपण बघायचं. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे वर्षानुवर्षं बातम्या वाचत होते, त्यांचं स्वतःचं मत काय हे महाराष्ट्राला कधी कळलं का? आता निवेदक बातमीच्या आधी सुस्कारा सोडतो.

माझी शंका वेगळी आहे. पूर्वी ‘असे समजते’, ‘विश्वसनीयरीत्या कळते’ असं यायचं. त्या जागी आता ‘चर्चांना उधाण’ आलंय. हे एकच का?

जुना उपसंपादक

नाही, दोन्हींत जबाबदारीचा फरक आहे. ‘समजते’ लिहायचं तर कोणाकडून समजलं हे निदान वार्ताहराला आणि त्याच्या संपादकाला माहीत असणं अपेक्षित होतं. नाव छापायचं नाही, इतकीच सूट. गैरवापर तेव्हाही व्हायचा. पण ‘राजकीय वर्तुळात चर्चांना उधाण’ यात सांगणारा कोणीच नाही. वर्तुळाला पत्ता नसतो. पुष्कळदा ती चर्चा दोन वार्ताहरांनी चहाच्या टपरीवर केलेली असते आणि ‘उधाण’ आणणारेही तेच.

डोंबिवलीकर

म्हणजे आजीचं ‘म्हणे’ जास्त प्रामाणिक! ‘त्यांच्या सुनेने म्हणे वेगळं बिऱ्हाड केलं.’ ऐकीव आहे, मी पाहिलेलं नाही, हे दोन अक्षरांत सांगून मोकळी.

वकीलबाई

माझ्या रोजच्या कामातला शब्द टाकते. ‘नराधम’.

अटक झाली की दुसऱ्या दिवशी मथळा, ‘नराधमाला बेड्या’. अटक झालेला माणूस संशयित असतो, गुन्हा नोंदवून आरोपी केला की आरोपी असतो, न्यायालयाने दोषी धरल्यावर गुन्हेगार. तीन शब्द मराठीत आहेत आणि तिन्ही बातमीदारांना येतात. ‘नराधम’ हा या शिडीवर कुठेच नाही, तो थेट निकाल आणि वर शिवी. गुन्हा भयंकर असतो तेव्हा लिहिणाऱ्याचं रक्त उसळतं हे मी समजू शकते, माझंही उसळतं. पण पुढे तो माणूस निर्दोष सुटला तर आतल्या पानावर चार ओळी येतात आणि त्यात तो एकदम ‘तरुण’ झालेला असतो.

याच्या जोडीला ‘कथित’ आणि ‘तथाकथित’ यांची गल्लत. ‘कथित गैरव्यवहार’ म्हणजे झाल्याचं सांगितलं जातं, सिद्ध नाही. ‘तथाकथित’ला तिरस्काराचा वास आहे. ‘तथाकथित विचारवंत’ म्हणताना तो विचारवंत नाही असंच आपल्याला म्हणायचं असतं. म्हणून ‘तथाकथित गैरव्यवहार’ लिहिलं की बातमीदाराने गैरव्यवहार झालाच नाही असा निकाल दिला. बऱ्याचदा त्याला ते कळलेलंही नसतं.

पार्लेकर

न कळता झालं तर ठीक. कळून केलेलंही आठवतं ना? २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं होतं की एका नेत्याचं गुणगान करणारा तोच मजकूर, शब्दन् शब्द तोच, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, सविस्तर अहवालही तयार केला. त्याला अजून सरळ मराठी शब्द रुळलेला नाही. ‘विकत बातमी’ म्हणून पाहिलं, जमत नाही. पेपर तर आपण सगळेच विकत घेतो.

वऱ्हाडकर

सगळ्यांचे आभार. ‘भाष्य’ राहिलं की हो.

जुना उपसंपादक

पतंजलींनी पाणिनीच्या सूत्रांवर केलं ते भाष्य. आधी कोणीतरी नेमकं आणि मोजकं काही मांडलेलं हवं, मग त्याची उकल करायची. विमानतळावर चालता चालता ‘चौकशी होईल’ म्हणाले याला भाष्य म्हणत नाहीत. त्याला ‘म्हणाले’ म्हणतात. ‘प्रतिक्रिया दिली’ हेही चालेल.

वऱ्हाडकर

आणि माझा नगराध्यक्ष? त्याने जुनी निविदा बाहेर काढली, त्याला काय लिहायचं?

वकीलबाई

कागद दाखवला असेल तर ‘उघड केले’. नुसतं बोलला असेल तर ‘आरोप केला’.

पार्लेकर

‘गौप्यस्फोट’ आहे की आपला जुना.

जुना उपसंपादक

आहे, पण त्यात गौप्य असावं लागतं. निविदा नगरपालिकेच्या फलकावर लागते. वऱ्हाडकर, त्या बातमीत निविदेची तारीख आणि रक्कम दिली होती का?

वऱ्हाडकर

नाही. ‘खळबळ उडाली आहे’ एवढं होतं.