मदत हवी आहे: वायकोलोआ (हवाई) येथील रिसॉर्टच्या मुक्कामात ज्येष्ठ आई-बाबांसह काय काय करता येईल?

नमस्कार,

येत्या फेब्रुवारीत हवाईतील 'बिग आयलंड' या सर्वांत मोठ्या बेटावर, पश्चिम किनाऱ्यावरील वायकोलोआ येथे एका रिसॉर्टमध्ये आमचा आठवडाभराचा मुक्काम ठरला आहे. माझे आई-बाबा सध्या आमच्याकडे सिअॅटलला आलेले आहेत. ते दोघे, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि मी असे सगळे जाणार आहोत. विमानाची आणि राहण्याची आरक्षणे झाली आहेत, कोना विमानतळावरून भाड्याची गाडी घेणार आहोत. दिवस कसे घालवावेत याचा मात्र अजून नीट अंदाज येत नाही.

शोध घेतला की ज्या याद्या समोर येतात त्या बहुतांशी पोहता येणाऱ्या आणि डोंगर चढू शकणाऱ्या माणसांसाठी लिहिलेल्या असतात. आईला पोहता येत नाही आणि गुडघ्यांमुळे तिला उतार व पायऱ्या त्रासदायक होतात. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी सपाटीवर ते तास-दीड तास आरामात चालतात. दोघेही शाकाहारी आहेत. आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको म्हणून "तुम्ही जाऊन या, आम्ही इथेच बसतो" असे ते पहिल्याच दिवशी म्हणणार, याची मला खात्री आहे. आणि सज्ज्यातून समुद्र पाहत त्यांचा आठवडा संपावा असे मला मुळीच वाटत नाही. इतक्या लांब आल्यावर ते बेट त्यांना खऱ्या अर्थाने भेटावे, अशी माझी इच्छा आहे.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणांच्या पायासाठी काळा पाषाण तपासण्यात गेली. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हवाईत तोच खडक माणसांच्या डोळ्यांदेखत तयार होतो, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक आहे. कोना विमानतळ १८०१ सालच्या लाव्हावर बांधला आहे आणि तिथून वायकोलोआकडे येणारा रस्ता माउना लोआ ज्वालामुखीच्या १८५९ सालच्या प्रवाहावरून जातो, हे सांगितल्यापासून त्यांनी नकाशा समोरून हलवलेला नाही. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडणारा 'पाहोएहोए' आणि धारदार, खडबडीत ढिगाऱ्यांचा 'आआ' हे लाव्हाचे दोन्ही प्रकार गाडीतून उतरून फार लांब न चालता जवळून कुठे पाहता येतील, हा माझा पहिला प्रश्न आहे.

आईची आवड निराळी आहे. तिला झाडे, फुले, बाजार आणि स्वयंपाक यांत रस आहे. रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना फुलांचे लेई, म्हणजे तिथले हार, ओवायला शिकवतात असे समजले. पांढऱ्या चाफ्याच्या देठातून लांब सुई आरपार घालून एकेक फूल सरकवायचे असते. गजरे आणि वेण्या करण्यात जिचा हात बसला आहे, तिला हे मनापासून आवडेल. अशा वर्गांना आधी नाव नोंदवावे लागते का, आणि रिसॉर्टबाहेरही असे काही शिकता येते का?

मुलगी पोहते आणि तिला स्नॉर्केलिंग करायचे आहे. फेब्रुवारीत त्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा असतात असे वाचले, त्यामुळे तिच्यासाठी सुरक्षित जागा कोणती हे जाणकारांनी सांगावे. माउना केआ पर्वताच्या माथ्यावरून सूर्यास्त पाहण्याची सहल जवळजवळ प्रत्येक यादीत आहे. ४२०७ मीटरची ती उंची बाबांना झेपेल का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. ज्वालामुखींचे राष्ट्रीय उद्यान वायकोलोआहून एका दिवसात करून परत यावे, की तिकडे एक रात्र राहावे? आणि संध्याकाळच्या 'लुआऊ' मेजवानीत शाकाहारी माणसाला खाण्याजोगे काही असते का? विस्तृत उत्तरांचे स्वागत आहे. खर्च थोडा वाढला तरी चालेल, पण धावपळ नको.

प्रतिसाद:

आम्ही काही वर्षे कोनाला राहत होतो आणि माझे सासू-सासरेही त्याच वयात तिथे येऊन राहिले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हवामान समजून घ्या, कारण आठवड्याची आखणी त्यावर अवलंबून आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपले पाणी बेटाच्या पूर्वेकडील हिलो शहराच्या बाजूला सांडतात, आणि माउना केआ व कोहाला या डोंगरांच्या आडोशाला असलेला तुमचा किनारा कोरडा राहतो. घाटमाथ्यावर धो-धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव तहानलेले, तसाच हा प्रकार आहे. हिलोला वर्षाला १२० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर कोहालाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी जेमतेम दहा इंच. त्यामुळे रिसॉर्टबाहेर पाऊल टाकताच हिरवळ संपते आणि काळ्या लाव्हाचे माळ सुरू होतात. ते पाहून अनेकांचा हिरमोड होतो. तुमच्या बाबांसाठी मात्र तेच खरे आकर्षण आहे. सकाळी समुद्र शांत आणि हवा सुखद असते, दुपारनंतर वारा जोर धरतो. म्हणून पाण्यातले आणि चालण्याचे सगळे कार्यक्रम सकाळी लवकर आटोपावेत.

रिसॉर्टच्या अगदी शेजारी अनाएहोओमालूचा उपसागर आहे. तिथे वाळूच्या मागे कुउआलिई आणि काहापापा नावाची दोन जुनी मत्स्यतळी आहेत. पूर्वी सरदार-राजघराण्यांसाठी त्यांत मासे पाळले जात. भरतीचे पाणी आत-बाहेर खेळावे, लहान मासे आत यावेत आणि वाढलेले बाहेर जाऊ नयेत, अशी लाकडी जाळीच्या झडपांची रचना या तळ्यांना असे. पाटबंधाऱ्याच्या माणसाला तिथे निवांत वेळ घालवता येईल, आणि वाटही सपाट आहे. वाळूवर हिरवी समुद्री कासवे ऊन खात पडलेली दिसतात. त्यांच्यापासून किमान दहा फूट अंतर ठेवावे आणि मुलीला हे आधीच सांगून ठेवावे.

वायकोलोआतच लाव्हावर कोरलेल्या चित्रांचे एक राखीव क्षेत्र आहे आणि उत्तरेला पुआको येथे दुसरे आहे, तिथे सुमारे तीन हजार आकृत्या आहेत. पुआकोची वाट झाडीतून जाते, पण मुळे आणि दगड यांमुळे आईंच्या गुडघ्यांना ती नको. वायकोलोआचेच पुरेसे होईल. तिथे पाहोएहोएच्या सपाट पाठीवर माणसे, होड्या, वर्तुळे आणि ठिपके कोरलेले आहेत. त्यांवर पाय देऊ नये, हात फिरवू नये आणि कागद ठेवून ठसेही घेऊ नयेत. आआ पाहायला तर वेगळे जाण्याचीही गरज नाही, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना तोच पसरलेला आहे. फक्त त्यावर चढण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या धारेने बूट फाटतात.

फेब्रुवारी हा कुबड्या देवमाशांचा भर हंगाम आहे. अलास्काकडून ते पिल्लांना जन्म देण्यासाठी इथल्या उबदार पाण्यात येतात. बोटीचा आईंना त्रास होणार असेल तर कावाइहाए येथील पुउकोहोला हेइआऊ या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळी जा. कामेहामेहा राजाने १७९०-९१ मध्ये बांधवून घेतलेले हे प्रचंड दगडी देवस्थान चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचून उभे केले आहे. त्यानंतर १८१० पर्यंत सगळी बेटे त्याच्या एकछत्री अंमलाखाली आली. त्या उंचवट्यावरून खालचा समुद्र मोकळा दिसतो. दुर्बीण सोबत असेल तर फवारे आणि शेपट्या दिसण्याची शक्यता चांगली आहे. मुलीला दुर्बीण देऊन आजोबांच्या शेजारी बसवा.

स्नॉर्केलिंगसाठी हिवाळ्यात हापुनाचा किनारा टाळावा. वाळू अतिशय सुंदर आहे आणि जीवरक्षकही असतात, पण त्या दिवसांत लाटा किनाऱ्यावरच आदळून फुटतात आणि पाण्याची ओढही असते. तो किनारा संध्याकाळी पाय भिजवायला चांगला. मुलीसाठी समुद्राला जोडलेले, पण दगडी बांधाने सुरक्षित केलेले खाजण उत्तम. तुमच्याच परिसरातील एका मोठ्या रिसॉर्टमध्ये तसे आहे. सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेले पाहून घ्या. प्रवाळांचे नुकसान होते म्हणून हवाईत १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

माउना केआबद्दल मी स्पष्टच लिहितो: माथ्यावर जाऊ नका. समुद्रसपाटीपासून दोन तासांत त्या उंचीवर पोहोचणे रक्तदाब असलेल्या माणसासाठी योग्य नाही, आणि तेरा वर्षांखालील मुलांनीही वर जाऊ नये अशीच तिथली सूचना आहे. शिवाय वरच्या रस्त्याला फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी लागते. सुमारे २८०० मीटरवर अभ्यागत केंद्र आहे. डॉक्टरांना विचारून तिथपर्यंत जा, गरम कपडे घाला, सूर्यास्तानंतर थोडे थांबा आणि उतरा. तारे तिथूनही असे दिसतात की वर न गेल्याची रुखरुख राहणार नाही. हवाईच्या मूळ लोकांसाठी हा पर्वत पवित्र आहे, हेही तिथे वावरताना ध्यानात असावे.

ज्वालामुखींच्या उद्यानासाठी एक रात्र तिकडे राहाच. अंतर एका बाजूला दोन तासांचे आहे, पण अंधारात परतीचा प्रवास सगळ्यांना जड जातो. जाताना माउना केआ आणि माउना लोआ या दोन्ही महापर्वतांच्या मधल्या खिंडीतून जाणारा इनोउये महामार्ग घ्या. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माउना लोआचा लाव्हा या रस्त्याच्या अलीकडे जेमतेम तीन किलोमीटरवर येऊन थांबला होता. उद्यानातील किलाउएआ ज्वालामुखीच्या हलेमाउमाउ विवरात डिसेंबर २०२४ पासून थांबत-थांबत लाव्हाची कारंजी उसळत आहेत. एकेक सत्र बहुधा एका दिवसाच्या आतच संपते आणि मध्ये काही दिवस वा आठवडे शांततेत जातात. म्हणून निघण्याआधी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रोजचे निवेदन वाचावे. कारंजे नसले तरी विवराच्या कडेवरून दिसणारा विस्तार आणि रस्त्यालगत जमिनीच्या भेगांतून निघणारी वाफ, या दोन्हींसाठी गाडीपासून फारसे चालावे लागत नाही. उद्यान सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तिथे गारठा आणि पाऊस दोन्ही असतो. कोणाला दम्याचा त्रास असेल तर गंधकयुक्त वायूची पातळीही तपासून घ्यावी.

प्रतिसाद:

जेवणाविषयी थोडे लिहिते. लुआऊचा मुख्य पदार्थ म्हणजे जमिनीतल्या 'इमू' भट्टीत तापल्या दगडांवर भाजलेले डुक्कर. ती भट्टी सगळ्यांसमोर उघडतात, तेव्हा आई-बाबांना आधी कल्पना द्यावी आणि टेबल थोडे लांबचे मागावे. शाकाहारी जेवण आरक्षण करतानाच सांगितले तर बहुतेक ठिकाणी वेगळे देतात. 'पोई' त्यांनी जरूर चाखावी: ती अळूचे कंद उकडून, कुटून केलेली असते आणि किंचित आंबवलेली असली तर चव आंबूस लागते. नारळाच्या दुधाची 'हाउपिया' ही वडी तर आईंना घरचीच वाटेल. हवाईच्या कथांमध्ये अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानला जातो, म्हणून पोईला तिथे इतका मान आहे.

आईंना बाजाराची आवड आहे, तर शनिवारी सकाळी वाइमेआ गावाला न्या. वायकोलोआहून अर्ध्या तासाच्या आत काळा लाव्हा संपून धुक्यातली हिरवी कुरणे लागतात. १८४७ पासूनचे पार्कर रँच, म्हणजे गुरे पाळण्याचे मोठे कुरण, तिथेच आहे. शेतकऱ्यांच्या बाजारात भाज्या, फळे, फुले सगळे मिळते, आणि खोलीत छोटे स्वयंपाकघर असेल तर एक वेळचा वरण-भात सहज होतो. लेईचे वर्ग बहुतेक रिसॉर्टमध्ये असतात, पण जागा मोजक्या असतात, तेव्हा पोहोचल्या दिवशीच नाव द्यावे. कोणी गळ्यात लेई घातला तर देणाऱ्यासमोर तो काढू नये, हे आईंना सांगून ठेवा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माउना केआच्या माथ्याचा विचार सोडला आहे; अभ्यागत केंद्रापर्यंत जाण्याबद्दल बाबांच्या डॉक्टरांना या आठवड्यात विचारतो. उद्यानाजवळ एका रात्रीची खोलीही पाहू लागलो आहे. एकच शंका राहिली: आई जाताना ताजा कढीपत्ता आणि येताना तिथली पपई आणण्याचे म्हणत आहे. हे चालते का?

प्रतिसाद:

हवाईत उतरताना सोबतची झाडे, पाने, फळे जाहीर करावी लागतात आणि त्यांची तपासणी होते, म्हणून कढीपत्ता वाळवलेला न्यावा आणि तोही जाहीर करावा. परतताना मुख्य भूमीकडे जाणाऱ्या सगळ्या सामानाची कृषी खात्याकडून तपासणी होते आणि बहुतेक ताजी फळे तिथे काढून घेतली जातात. अननस चालतो, पपई प्रक्रिया करून शिक्का मारलेल्या खोक्यातलीच घ्यावी. कॉफी भाजलेली असेल तर कितीही आणता येते, फक्त पाकिटावर 'शंभर टक्के कोना' लिहिले आहे ना ते पाहून घ्या, कारण मिश्र कॉफीत कोनाचा वाटा अगदी थोडा असू शकतो.