मदत हवी आहे: जुनं आउटबोर्ड इंजिन फुल थ्रॉटलला दम सोडतं

कर्ली खाडीत छोटी फायबरची होडी आहे. त्यावरचं इंजिन (आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लावायचं) जुनं, दोन स्ट्रोकचं, 15 हॉर्सपॉवरचं, एका कार्बोरेटरचं. पेट्रोल-ऑईल 50 ला 1.

एका झटक्यात चालू होतं, आयडलला छान राहतं. फुल थ्रॉटलवर आठ-दहा मिनिटं गेली की आवाज बसतो आणि बंद पडायला येतं. तेव्हा प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीतला रबरी हातपंप) हाताने दाबत राहिलं की लगेच उचलतं, सोडला की पुन्हा तेच. त्या वेळी बल्ब मऊ लागतो, पण चपटा होत नाही.

टाकीच्या झाकणाचा व्हेंट (हवा आत जायचं भोक) उघडाच असतो. पेट्रोल ताजं आहे, तळाला पाणी नाही. नळी, बल्ब, फिल्टर, प्लग नवे टाकले. कार्बोरेटर दोनदा खोलून जेट साफ केले. बल्बच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर दम सोडताना त्यात बारीक बुडबुडे पळताना दिसतात. म्हणून टाकीच्या आतल्या, पेट्रोल ओढणाऱ्या पिकअप नळीवर किंवा नळी टाकीला जोडणाऱ्या कनेक्टरच्या ओ-रिंगवर (रबरी रिंग) संशय आहे. पण आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने इंजिनावरच्या फ्युएल पंपाचा जुना डायफ्रामही (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) कडक झाला असेल असं वाटतं.

याच कनेक्टरची दुसरी टाकी इथे कुणाकडे नाही, व्हॅक्युम गेज नाही. पंप उघडला तर गॅस्केट फाटणार आणि ते मुंबईहून मागवावं लागेल, तोवर होडी किनाऱ्यावर.

पंप न उघडता, हवा टाकीकडून येतेय की डायफ्रामच कमजोर झालाय, हे नक्की कसं ओळखायचं?