पार्किंगमधली फियाट आणि ऑइलची भानगड

कुलकर्णी काकू बी-१०१: नमस्कार सर्वांना. आज परत पहाटे पार्किंगमध्ये जुनी फियाट चालू करून ठेवली, निळा धूर सरळ आमच्या स्वयंपाकघरात. ह्यांना दम्याचा त्रास आहे हे सगळ्यांना माहितीये. मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते मी परत सांगत बसत नाही 🙏

बिराजदार काका सी-३०२: वहिनी राग मानू नका, इंजिन नवीन बांधलंय. बोअर मारून म्हणजे सिलिंडर आतून मोठे करून ओव्हरसाइज पिस्टन, पिस्टनभोवतीच्या रिंगा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, त्यावर बसणारे टॅपेट सगळं नवीन. फिटर म्हणाला रोज सकाळी अर्धा तास स्लोवर, रेस न देता, चालू ठेवा म्हणजे रिंगा बसतील. आणि पुढचं ऑइल कुठलं टाकायचं यावर घरात तीन मतं, कोणाला माहिती असेल तर सांगा की

माने ए-२०४: फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-३० डोळे झाकून

कुलकर्णी काकू बी-१०१: मी धुराचं बोलतेय, ऑइलचं नाही

सागर ए-४०१: काकू दोन्ही एकच विषय आहे, निळा धूर म्हणजे ऑइलच जळतंय. काका, स्लोवर उभं ठेवून रिंगा बसत नाहीत, उलट बिघडतात. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासताना पाडलेल्या, बारीक तिरक्या रेघा असतात ना, त्यावर रिंग घासून घासून जुळते आणि ती दाबली जाते गॅसच्या प्रेशरनी, म्हणजे गाडीवर लोड पाहिजे. नुसती उभी ठेवली तर भिंत गुळगुळीत होते, काचेसारखी, मग कायमचं ऑइल पिणार आणि धूर काकूंकडे

म्हेत्रे बी-३०३: करडईचं घाण्याचं तेल टाका काका, धुरालासुद्धा भज्यांचा वास 😂

कुलकर्णी काकू बी-१०१: म्हेत्रे तुम्हाला मस्करी सुचतेय, तुमची खिडकी मागच्या बाजूला आहे

माने ए-२०४: फुल्ली सिंथेटिक

सागर ए-४०१: माने काका आत्ता सिंथेटिक नको ओ, रिंगा थोड्या घासायलाच हव्यात, ते फार निसरडं पडतं. साधं मिनरल, जरा जाड २०डब्ल्यू-५० घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात ५डब्ल्यूचा काय उपयोग, तो ५ थंडीत स्टार्ट करण्यासाठी असतो

माने ए-२०४: माझी गाडी शोरूममधूनच सिंथेटिकवर आली, त्याचं काय

सागर ए-४०१: कंपनीचं होनिंग एकदम बारीक असतं, आपल्याकडे लेथवर हातानी केलेलं त्यामानानी खरबरीत. शिवाय फियाटचं इंजिन १०८९ सीसी पुशरॉडवालं, म्हणजे कॅम खाली आणि व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडणारं, कॅम सपाट टॅपेटवर घासतो, त्याला ऑइलमध्ये झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस भरपूर पाहिजे. पण फॉस्फरसनी नव्या गाड्यांचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर मर्यादा आणली, २०डब्ल्यू-५० ला ती नाही. फियाटला कन्व्हर्टरच नाही, मग काळजी कसली

चेअरमन साहेब: विषय चालू आहे तर, सी विंगच्या पेव्हर ब्लॉकवर ऑइलचा डाग आहे तो कोण काढणार

बिराजदार काका सी-३०२: साहेब तो डाग माझा नाही, माझी गाडी गॅरेजला होती तेव्हापासून आहे. मान्यांच्या स्कूटीखाली बघा

माने ए-२०४: स्कूटीचं नाव कशाला घेताय बिराजदार, मेंटेनन्स वेळेवर भरणारा माणूस आहे मी

बिराजदार काका सी-३०२: मेंटेनन्सचा इथं काय संबंध ओ

म्हेत्रे बी-३०३: पाणी आलंय का कोणाकडे? डाग धुवायला नाही, प्यायला

चेअरमन साहेब: पाणी उद्या. कृपया विषयाला धरून बोला.

सागर ए-४०१: काका नवीन कॅमला पहिल्या स्टार्टला २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं रेसवर धरली होती का? स्लोवर कॅमवर ऑइल पुरेसं उडत नाही म्हणून विचारतोय

बिराजदार काका सी-३०२: हो ते गॅरेजातच झालं, रेडिएटरसमोर पेडेस्टल फॅन लावून धरली होती. ऑइल अजून तेच आहे

सागर ए-४०१: मग आधी ते सोडा. इंजिन गरम असताना पांढऱ्या ट्रेमध्ये काढा आणि उन्हात धरा, बारीक चमकी दिसेल, तेवढी चालते. चुंबकाला तुकडे चिकटले तर मात्र फिटरला दाखवा. मग मिनरल भरून ५०० किलोमीटरला परत बदला. सिंथेटिकचं नंतर दोन-तीन हजार किलोमीटर झाल्यावर बघू

माने ए-२०४: शेवटी सिंथेटिकच ना 👍

बिराजदार काका सी-३०२: आणि चालवायची कशी

सागर ए-४०१: तुळजापूर रोडला काढा. सुरुवातीला तामलवाडीपर्यंत, घाट लगेच नको. एका स्पीडला धरून ठेवू नका, टॉप गिअरला अर्धा ॲक्सिलरेटर देऊन वाढवा, मग पाय काढून गिअरवरच कमी होऊ द्या, परत वाढवा. एकदम फुल रेस नाही. टेम्परेचरच्या काट्यावर आणि डिपस्टिकवर लक्ष, ऑइल थोडं कमी होईल, टॉपअप करा

बिराजदार काका सी-३०२: वहिनी, उद्यापासून चालू केली की लगेच गेटबाहेर. ऑइल पण गॅरेजलाच बदलतो, सोसायटीत नाही

कुलकर्णी काकू बी-१०१: एवढंच म्हणणं होतं माझं. घाटापर्यंत जायला लागलात की सांगा, देवीची ओटी पाठवायची आहे.

माने ए-२०४: गाडीत जागा असेल तर मीपण येतो

चेअरमन साहेब: डागाचं राहिलं