डायनो क्रायसिस (१९९९): रॅप्टर मारायचा की चुकवायचा?

दारकडी (धागाकर्ता)

कॅपकॉमचा ‘डायनो क्रायसिस’ हा डायनोसॉरच्या भीतीचा व्हिडिओ गेम, म्हणजे त्याचा पहिला आणि दुसरा भाग, जानेवारी २०२५ मध्ये जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर आले. तेव्हापासून नव्या खेळाडूंना एकच सल्ला मिळताना दिसतो: खोलीत शिरलात की आधी रॅप्टर (शिकारी डायनोसॉर) मारा, मग निवांत कोडी सोडवा. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

या गेममध्ये मारण्याचं बक्षीस शून्य आहे. गुण नाहीत, पैसे नाहीत, मेलेल्या रॅप्टरकडून गोळ्याही मिळत नाहीत. उलट नायिका रेजिनाच्या हातातलं सुरुवातीचं पिस्तूल इतकं अशक्त आहे की एका रॅप्टरवर गोळ्या नुसत्या वाहून जातात, आणि तेवढ्या वेळात तो दोनदा झडप घालतो. शिवाय कथा पुढे सरकली की साफ केलेल्या जागीही नवे रॅप्टर येतात.

त्यापेक्षा लेझरचे अडसर वापरा. भिंतीवरच्या पॅनेलवरून ते चालू केले की रॅप्टर पलीकडे अडकतो. वळायला स्टिक फिरवत बसू नका. एका बटणात १८० अंश वळता येतं, ते पहिल्याच खोलीत बोटांना शिकवून ठेवा.

रात्रपाळी

अजिबात सहमत नाही. ‘चुकवा’ म्हणणं सोपं आहे, पण दिग्दर्शक मिकामींनी आपल्याच १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या झॉम्बींच्या गेममधला दाराचा आसरा इथे मुद्दाम काढून घेतलाय. तिथे दार ओलांडलं की झॉम्बी मागे राहायचा. इथे काही ठिकाणी रॅप्टर तुमच्या मागोमाग पुढच्या खोलीत येतो. म्हणजे पळालात तर संकट टळत नाही, फक्त जागा बदलते, आणि बहुधा जास्त अरुंद जागेत.

दुसरं, चुकवताना एक पंजा लागला की रक्तस्राव सुरू होऊ शकतो. मग प्रत्येक पावलाला तब्येत घटते आणि हेमोस्टॅट (रक्त थांबवणारं औषध) वापरेपर्यंत थांबत नाही. नुसतं मेडपॅक घेऊन खेळणारे इथेच फसतात: तब्येत भरून निघते आणि पुन्हा गळत राहते. वाचवलेल्या गोळ्यांची किंमत तुम्ही औषधांत मोजता, एवढंच.

पिंपळपान

दोघंही डार्टबद्दल गप्प कसे? शॉटगनमधून भुलीचे डार्ट मारता येतात, आणि माझ्या मते खेळाचा खरा कणा तोच आहे. रॅप्टर झोपला की तुम्ही त्याच्या शेजारून जाता. मिक्सिंगमध्ये, म्हणजे सामान एकमेकांत मिसळून, डार्टची ताकद वाढवता येते, मल्टिप्लायर घातला तर संख्या वाढते. सर्वांत वरचा विषारी डार्ट साध्या रॅप्टरला एका फटक्यात संपवतो.

नवखे लोक मिक्सिंगचं सगळं सामान मेडपॅकवर उधळतात. निम्मं तरी डार्टसाठी राखा.

दारकडी

@पिंपळपान, डार्ट मान्य, पण अटीसह. झोपलेला रॅप्टर उठतो. पॅनेलवर कोड टाकायचा आहे, दोन फाइली वाचायच्या आहेत, आणि मागे हलका डार्ट मारलेला रॅप्टर पडलाय, ही चूक फार महाग पडते. डार्ट मारा तो फक्त ओलांडून जाण्यासाठी. जिथे थांबायचंय तिथे लेझरच बरा.

@रात्रपाळी, रक्तस्रावाचा मुद्दा योग्य आहे. पण तो बहुतेक वेळा बंदूक रोखून उभं राहणाऱ्यालाच होतो. बंदूक उचललेल्या अवस्थेत या गेममध्ये हळू चालता येतं, तरी लोक खिळल्यासारखे एका जागी उभे राहून गोळ्या झाडतात. मागे सरकत राहिलं तर अर्धे पंजे हवेत जातात.

रात्रपाळी

मागे सरकायला जागा तर हवी! आयबिस बेटावरच्या त्या इमारतीतले बोळ पाहा. काही बोळांतून कथेच्या ओघात पुन्हा पुन्हा जावं लागतं. तिथे दर फेरीला एक डार्ट खर्च करण्यापेक्षा शॉटगनने एकदाच मोकळं करा. नवा रॅप्टर येईल तेव्हा येईल, मधल्या फेऱ्या तरी निर्धास्त होतात.

आणि मरणाचा हिशेब विसरू नका. कंटिन्यू (मेल्यावर पुन्हा खेळायच्या संधी) पाचच आहेत. पडद्यावर ‘डेंजर’ चमकलं की सगळी बटणं वेड्यासारखी दाबायची. तिथे हात थबकला तर एक कंटिन्यू गेला. चुकवाचुकवीत असे प्रसंग जास्त येतात.

खोकंबहाद्दर

या वादात इमर्जन्सी बॉक्स कुणीच मोजत नाहीये. लाल बॉक्समध्ये दारूगोळा, हिरव्यात औषधं, पिवळ्यात दोन्ही. उघडायला प्लग लागतात आणि प्लग मोजकेच मिळतात. म्हणजे मारायचं की चुकवायचं हे बोळात ठरत नाही, प्लग कुठे घालता तिथे ठरतं. मारणाऱ्याने लाल उघडावेत, चुकवणाऱ्याने हिरवे. दिसेल तो बॉक्स उघडणाऱ्याकडे शेवटी थेरिझिनोसॉरस हा डायनोसॉर समोर आल्यावर दोन्ही कमी पडतं.

वाटाही तशाच निवडा. रेजिनाचे साथीदार गेल आणि रिक यांचं पटत नाही तेव्हा गेम तुम्हाला विचारतो. गेलची वाट बहुधा मारामारीची, रिकची कोड्यांची. गोळ्या कमी असतील तर रिक. डीडीकेच्या, म्हणजे डिस्कवरच्या सांकेतिक शब्दाने उघडणाऱ्या, दारांना घाबरून गेलकडे जाऊ नका: एकाच अक्षराच्या दोन डिस्क शोधायच्या, एकीवर किल्ली, दुसरीवर गुंतवलेला मजकूर. फालतू अक्षरं गाळली की शब्द उरतो. एच दाराचं उत्तर ‘हेड’, एलचं ‘लॅबोरेटरी’. कागद-पेन्सिल घेतली तर एकही गोळी खर्च होत नाही.

रात्रपाळी

प्लगचा मुद्दा पटला. पण ‘मारण्याचं बक्षीस शून्य’ हे तत्त्व म्हणून मला अजूनही मान्य नाही. कॅपकॉमने २००० मध्ये दुसऱ्या भागात मारण्याला गुण दिले, सलग मारलं तर जास्त, जखम न होता भाग ओलांडला तर आणखी. खेळाडूंना डायनोसॉरशी लढायचंच होतं.

दारकडी

आणि तिथेच भीती गेली. गोळी मारून गुण मिळतात, गुणांनी आणखी गोळ्या येतात, मग रॅप्टर दिसला की आनंद होतो. पहिल्या भागात तो दिसला की पोटात गोळा येतो, कारण त्याच्याशी लढून काहीच हाती लागत नाही. कॅपकॉमने पहिल्या भागाला ‘पॅनिक हॉरर’ म्हटलं होतं, ते याच तंगीमुळे खरं ठरतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: पाच तासांच्या आत गेम संपवला तर पुढच्या खेळीत अमर्याद दारूगोळ्याची ग्रेनेड गन मिळते. प्रत्येक बोळ साफ करत बसणाऱ्याला ती वेळ गाठणं अवघड. ज्यांना मारायचंच आहे त्यांनी पहिली खेळी चुकवत संपवावी आणि दुसऱ्या खेळीत हवं तेवढं मारावं.

रात्रपाळी

पाच तास पहिल्याच खेळीत? नवख्याला नकाशा माहीत नसतो, डीडीकेचे शब्द माहीत नसतात. त्याला आधी जिवंत राहून शेवट पाहू द्या. शॉटगन हाती आली की मुख्य बोळ साफ, बाकी ठिकाणी डार्ट. माझा सल्ला हाच राहील.