बिवा तलावाची चक्कर: पुलावरून शॉर्टकट मारला तर ती पूर्ण म्हणायची का?

निवांत_पेडल
जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या सायकलवाल्यांचे प्लॅन हल्ली बरेच कानावर येतात आणि सगळ्यांचा हट्ट एकच, बिवा तलावाची पूर्ण २०० किमीची चक्कर आणि तीही एका दिवसात. माझं मत उलटं आहे, राग आला तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्योटोच्या शेजारी शिगा प्रांत, त्यात जपानचा सगळ्यात मोठा तलाव, साधारण ६७० चौरस किमी. त्याच्या सायकल चकरेला तिकडे बिवाइची म्हणतात आणि २०१९ मध्ये सरकारने ज्या पहिल्या तीन मार्गांना राष्ट्रीय सायकल मार्गाचा दर्जा दिला त्यातला हा एक. खालच्या बाजूला तलाव एकदम अरुंद होतो, तिथे १९६४ पासून मोठा पूल आहे, सायकलला टोल नाही. पुलाच्या वरच्या उत्तर तलावाची चक्कर साधारण १५० किमी, खालचा दक्षिण भाग ५० च्या आसपास.

तर माझं म्हणणं, पुलावरून पलीकडे व्हा, दक्षिण भाग सोडा आणि १५० दोन दिवसांत करा. खालचे ५० म्हणजे ओत्सु शहर, सिग्नल, थांबा, परत सिग्नल. खरी मजा वरती आहे. नागाहामा सोडलं की गर्दी ओसरते, शिझुगाताकेचा चढ लागतो (१५८३ मध्ये हिदेयोशी या सरदाराने इथेच आपल्या प्रतिस्पर्ध्याला, शिबाताला हरवलं), मग काइझु-ओसाकीला डोंगर थेट पाण्याला टेकलेला आणि कडेने चार किमी चेरीची झाडं. तिथे थांबायचं सोडून घड्याळाकडे बघत ॲव्हरेज काढायचा? हे २०० चं खूळ आपण बीआरएममधून (ठरलेल्या वेळेत लांब अंतर सायकलने पूर्ण करायच्या राइड) उचललंय, बाकी काही नाही.

ब्रेवे_नाशिककर
साफ असहमत. बीआरएम २०० ला साडेतेरा तास मिळतात, मे अखेरीला तिकडे पहाटे पाचच्या आधी उजाडतं आणि सातपर्यंत उजेड असतो, म्हणजे अख्खी चक्कर उजेडात बसते, आणि रस्ता जवळपास सपाट आहे हो, तुमचा तो शिझुगाताकेचा चढ सोडला तर घाट म्हणावं असं काहीच नाही, आपण कसारा चढणारी माणसं. खाण्यापिण्याला मिनी मार्ट आहेत, कोपऱ्याकोपऱ्यावर व्हेंडिंग मशीन आहेत. आणि एका दमात केल्यावर तलाव केवढा आहे ते पायांना कळतं, दोन दिवसांत हॉटेल-ऑनसेन (गरम पाण्याचे झरे) करत गेलात तर ती सहल झाली. सहल वाईट नाही, पण तिला चक्कर म्हणू नका. प्रदक्षिणा कोणी पाऊण घालतं का?

खोडसाळ_घंटी
घालतात की. शंकराला. सोमसूत्रापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. धागाकर्ते शैव दिसतात 😀

ब्रेवे_नाशिककर
ते मागे फिरतात, पुलावरून शॉर्टकट मारत नाहीत.

तीरावरचा
नर्मदा परिक्रमा केलेल्या कोणालाही विचारा, पात्र ओलांडलं की परिक्रमा मोडली. पूल असो की होडी. त्या न्यायाने १५० वाल्यांची परिक्रमा ओत्सुच्या अलीकडेच मोडते. फक्त एक गंमत, आपल्याकडे नर्मदामैया उजव्या हाताला ठेवायची आणि बिवाला तलाव डाव्या हाताला, म्हणजे आपल्या हिशोबाने सगळे जपानी उलटी प्रदक्षिणा घालतात.

ओसाकाकरीण
त्याला कारण आहे दादा. जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून. घड्याळाच्या उलट दिशेने गेलं की सायकल सतत पाण्याच्या बाजूला राहते, समोरची वाहनं आणि बहुतेक फाटे पलीकडे. रस्त्यावरचे निळे बाणही त्याच दिशेचे आहेत, कृपा करून कोणी पुण्य मिळवायला उलटं जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. दोन दिवस घ्या, इथपर्यंत धागाकर्त्यांशी सहमत. पण दक्षिण सोडा हे अजिबात पटलं नाही. शंभराहून जास्त नद्या-ओढे या तलावात येतात आणि बाहेर पडायची नैसर्गिक वाट एकच, सेता नदी, तीही दक्षिण टोकाला. पुढे तीच उजी होते, मग योदो होते आणि तिचं पाणी ओसाकात माझ्या नळाला येतं. पूर्ण मार्ग सेताच्या जुन्या काराहाशी पुलापर्यंत उतरतो तो काय उगाच? उत्तर तलावाची सरासरी खोली चाळीस मीटरच्या वर, दक्षिणेची जेमतेम चार. म्हणजे माणसं काय करून ठेवतात ते आधी या उथळ भागात दिसतं. १९७७ मध्ये तलावात लाल पाण्याची मोठी लाट आली (फॉस्फरसवर पोसलेलं सूक्ष्म शेवाळ), तेव्हा इथल्या बायकांनी फॉस्फरसवाली डिटर्जंट पावडर सोडून साबण वापरायची चळवळ उभी केली आणि १९७९ मध्ये शिगा प्रांताने त्या पावडरवर बंदीचा नियम केला. आज आपण "काय स्वच्छ पाणी" म्हणून फोटो काढतो ते उगाच नाही. फक्त चेरी आणि डोंगर बघून पुलावरून परत फिरायचं म्हणजे पंगतीत श्रीखंड तेवढं खाऊन उठायचं.

आणि उत्तरेलाही सगळं स्वर्ग नाही. शिराहिगे देवळाजवळ १६१ नंबरच्या हायवेवर ट्रक असतात, पाण्यातल्या तोरीचा (देवळाच्या कमानीचा) फोटो काढायला लोक मध्येच रस्ता ओलांडतात. त्यापेक्षा मला ओत्सुचे सिग्नल परवडले.

निवांत_पेडल
ओसाकाकरीण ताई, इतिहास मस्त सांगितलात, माहीत नव्हता असं नाही, पण त्याने सिग्नल कमी होत नाहीत. सेता बघायचाय ना, सायकल हॉटेलवर ठेवा, ट्रेनने इशियामा स्टेशनला उतरा, चालत पुलावर जा, निवांत बघा. ५० किमी ट्रॅफिकमधून कशाला? मुद्दा तोच आहे, हातात दोन दिवस असतील तर ते चांगल्या किलोमीटरवर खर्च करा.

श्टुटगार्टहून
तुमची भांडणं १५० की २०० यावर, मला मुळात हा राष्ट्रीय सायकल मार्गच पटत नाही. बरंचसं काम डांबरावर निळे बाण रंगवून भागवलंय. इकडे बोडेनझे तलावाला या, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असे तीन देश, साधारण २६० किमी, आणि बराच मार्ग गाड्यांपासून वेगळा, कुठे द्राक्षांचे मळे, कुठे सफरचंदाच्या बागा. पोरं, आजी, सगळे असतात. कंटाळा आला तर कोन्स्टान्झ-मेर्सबुर्ग फेरीत सायकल टाका, चक्कर अर्धी करा, कोणी पूर्ण-अपूर्ण विचारत नाही. (इथे बहुतेक लोक घड्याळाच्या दिशेने जातात, उजवीकडून चालवायचं असल्याने, म्हणजे तीरावरच्या काकांना चालेल अशी सुलटी 😀)

ब्रेवे_नाशिककर
आणि ऑगस्टमधली गर्दी? आजी आणि पोरं आहेत म्हणता तिथे ताशी १५ च्या वर चालवून दाखवा. बिवाला बऱ्याच ठिकाणी दोन पर्याय दिलेत, हळू जाणाऱ्याने फुटपाथवरून जावं, जोरात जाणाऱ्याने रस्त्यावरून. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. सगळ्या सायकलवाल्यांचा वेग एकच असतो असं गृहीत धरून बांधलेला वेगळा ट्रॅक म्हणजे वेगवाल्यांना शिक्षाच.

श्टुटगार्टहून
माझी आठ वर्षांची मुलगी निळ्या बाणावरून ट्रकच्या शेजारी जाणार नाही. तुमचा वेग राहू द्या.

ओसाकाकरीण
म्हणून तर फुटपाथचा पर्याय आहे. पण हे मान्य की तो मध्येच तुटतो, कुठे खडबडीत आहे, कुठे अगदी बारीक. लहान मुलांना घेऊन मी अख्खी चक्कर कोणाला सुचवणार नाही.

मुळ्याची_भाजी
मधेच पिंक टाकतो. पाय गळाले तर ट्रेन आहे, पूर्वेला एक लाइन, पश्चिमेला कोसेई लाइन, दोन्ही तलावाच्या कडेने. पण दोन गोष्टी. एक, सायकल उघडून पूर्ण पिशवीत भरल्याशिवाय डब्यात नेता येत नाही, ती पिशवी सोबत ठेवा. दोन, हिरा डोंगरावरून वारं सुटलं की कोसेई लाइनच बंद ठेवतात, आणि ज्या दिवशी तुम्हाला ट्रेन हवीशी वाटेल तो नेमका तसल्याच वाऱ्याचा दिवस असणार. शाकाहारी मंडळींनी किनोमोतोला पावात मुळ्याचं लोणचं आणि मेयोनीज भरून मिळतं ते शोधा (अंडं चालत असेल तर). ऐकायला भयंकर आहे, ८० किमीनंतर भारी लागतं.

ओसाकाकरीण
निवांत_पेडल, तुमच्या ट्रेनच्या सल्ल्याचं राहिलंच. सेता ट्रेनने जाऊन बघायचा तर उत्तर किनाराही कोसेई लाइनच्या खिडकीतून झकास दिसतो की. मग सायकल कशाला काढताय?

निवांत_पेडल
खिडकीतून काइझु-ओसाकीच्या झाडाखाली थांबता येत नाही. दोन दिवस, १५० किमी, पूल. मत बदललेलं नाही.

ब्रेवे_नाशिककर
आम्ही पुढच्या मे मध्ये चौघं जातोय, २००, एका दिवसात, जूनचा पाऊस लागायच्या आत. एक जागा आहे. निवांत_पेडल यायचं म्हणाले तर त्यांना पुलाशी सोडू, सेताला वळसा घालून आलो की पलीकडच्या टोकाला परत गोळा करू. तोवर आमच्या बॅगा सांभाळा.