आजोची एअरगन पहिल्यांदा झाडताना

गणपतीच्या साफसफाईत माळ्यावर आजोची एअरगन सापडली. जर्मनीची डायना 27, नळी खाली वाकवून भरायची. वर डायना, शिकारीची देवी, कोरलीय, एका हातात बंदूक उंच धरलेली, दुसऱ्या हातानं धनुष्यबाण टाकून देतेय. आजो असताना आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, आणि आता माझी म्हणून घरातल्यांनी दिलीय तर चाप ओढायला धीर होत नाहीये. घरातली जुनी बंदूक ज्यांनी पहिल्यांदा चालवली त्यांनी आपापला अनुभव सांगा ना. मी पेडण्याला.

फोंड्याहून: लगेच झाडू नका प्लीज. जुन्या बंदुकीत दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो, तो वर्षानुवर्षं सुकून कडक होतो आणि हवा धरतच नाही. माझ्या काकांची मी तशीच भरली, फुस्स झालं आणि छर्रा नळीतच अडकला, सळीनं हळूच मागं ढकलून काढावा लागला. मग हवेच्या भोकात तेलाचे तीन-चार थेंब सोडले, रात्रभर उभी ठेवली, दुसऱ्या दिवशी ताकद परत आली. आणि छर्रा न घालता कधीच झाडू नका, पुढं हवेची गादी राहत नाही, दट्ट्या थेट जाऊन आपटतो, स्प्रिंग तुटते.

साखळीहून: तेलाचं खरं आहे पण कमी घाला!! आमच्या दादानं शिलाई मशीनचं तेल भरपूर ओतलं, पहिल्याच बाराला केवढा आवाज, नळीतून निळा धूर, आई स्वयंपाकघरातून धावत आली. हवा एकदम दाबली की तापते आणि तेल पेटतं, डिझेल इंजिनसारखंच.

मडगावहून: आधी नळीचा आकार बघा. 4.5 एमएम आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, 5.5 ची निघाली तर आधी पोलीस स्टेशनला विचारा. पक्ष्यांवर अजिबात नको, 1972 पासून कायदाच आहे.

काणकोणहून: आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, बाबा माकडांना नुसत्या आवाजानं पळवायचे, नेम कधीच धरला नाही. बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा घेतली तेव्हा गडग्यावर करवंटी ठेवली, छर्रा चुकून चिऱ्यावर लागला आणि उलटा येऊन माझ्या पायाशी पडला. चपटा झालेला. चष्मा होता म्हणून बरं, पण पाय थरथरत होते. आता सोडणांचा (नारळाच्या सालांचा) ढीग आणि मागं वाळूचं पोतं. अजून एक, छर्रा भरताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरूनच ठेवा, चाप सुटला तर नळी उसळून बोटं मोडते. बाबा दर वेळी हे सांगायचे, तेव्हा कंटाळा यायचा, परवा मुलीला शिकवताना त्यांचेच शब्द तोंडात आले आणि मला पुढं बोलवेना.

पेडण्याहून परत: सगळ्यांचे मनापासून आभार. 4.5 चीच आहे. तेल घातलं, रात्र जाऊ दिली, आज सकाळी पोरसात दहा पावलांवर सोडण मांडलं. पहिले तीन खाली डावीकडे गेले, चौथा टप्पकन बसला. दस्त्यावर गाल टेकवायच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, तिथंच माझाही गाल बसला. आजी बाहेर ओट्यावर होती, आवाज ऐकून म्हणाली, ते आले काय रे?